बिजलीबाबांचा चौरंग

शनवारा चौकातल्या मंडपात सकाळपासून रीघ लागली होती. एप्रिलचं ऊन भाजत होतं, पण आत एकही कूलर नव्हता. "तेजाला ओलावा चालत नाही," असा बाबांचा हुकूम. भजनाचा स्पीकर दणदणत होता. चौरंगावर उभे असलेले बिजलीबाबा भक्ताच्या हाताकडे बोट नेत आणि टिक्! निळी ठिणगी उडे. बाबांचे केसही ताठ उभे!

"आमच्या बोटात कोटी सूर्यांचं व्होल्टेज आहे," बाबा माईकवर गरजले. "ज्याचं पाप मोठं, त्याला झटका मोठा!"

मग झटका कितीही लागो, ओरडतो कोण?

रांगेच्या टोकाला अलका मॅडम उभ्या होत्या. ती गर्दी पाहून त्यांच्या पोटात दुखत होतं. निवृत्तीनंतर त्या कॉलेजातल्या जुन्या प्रयोग-साधनांचं संग्रहालय सांभाळत. पितळी सूक्ष्मदर्शक, नाजूक तराजू, काचेच्या चकत्यांचं शंभर वर्षांचं वीजयंत्र. वर्षाला चाळीस माणसं येत, त्यातली निम्मी पिण्याचं पाणी विचारायला. आणि हा बिजलीबाबा म्हणजे त्यांचाच निरंजन! याच यंत्राचं हँडल फिरवून "मॅडम, अजून एकदा?" म्हणणारा, वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा. तीच ठिणगी त्यांनी तीस वर्षं दाखवली, तेव्हा पोरं जांभया देत. इथे लोक पाया पडत होते.

त्याहून जास्त झोंबल्या त्या मथुराबाई. तुकईथड गावच्या या बाई रोज संग्रहालय झाडत, यंत्रांवरून फडकं फिरवत, पण 'हे काय आहे' म्हणून त्यांनी कधी विचारलं नव्हतं. बाबांबद्दल मात्र बोलता थकत नसत. नातीच्या, हिमानीच्या, फिटच्या गोळ्या त्यांनी आठवड्यापासून बंद केल्या होत्या. आज सकाळी अंगणात हिमानीला फिट आली, जीभ दाताखाली सापडली. तरी तिला घेऊन त्या रांगेत उभ्याच.

"मथुराबाई, आधी डॉक्टरकडे चला," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम. बाबा म्हणे, पाप निघून राहिलं. गोळी आन् तेज एका अंगात राहत नाही."

मॅडम तडक संग्रहालयात गेल्या आणि यंत्र चादरीत गुंडाळून रिक्षात बसल्या. हे आपण हिमानीसाठी करतोय, की निरंजनला हरवण्यासाठी? उत्तर सापडायच्या आत मंडप आला.

मॅडमनी यंत्र मंडपातल्या टेबलावर ठेवलेलं पाहताच बाबांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. त्यांनी माईक ओढला. "भक्तहो, या आमच्या मॅडम. यांच्या खोलीत कुत्रंही फिरकत नाही. त्यांना आमची जलन होऊन राहिली, बाकी काही नाही!"

मंडप हसला.

"होते जलन," मॅडम म्हणाल्या. हसणं थांबलं. "खरंच होते. याची गर्दी पाहून आठ दिवस मला जेवण गेलं नाही. पण मी जळते म्हणून याचं खोटं खरं होत नाही. मथुराबाई, इकडे या. या प्लास्टिकच्या स्टुलावर उभ्या राहा. ही पितळी दांडी धरा. भिऊ नका."

हिमानीला बाजूला बसवून मथुराबाई स्टुलावर चढल्या. मॅडमनी हँडल फिरवलं. काचेच्या दोन चकत्या उलटसुलट गरगरल्या. मथुराबाईंच्या कपाळावरच्या बटा हळूहळू उभ्या राहिल्या.

"आता रांगेतल्या या पहिल्या माणसाच्या हाताला बोट लावा."

त्या भक्ताच्या हातावर टिक्! तोच झटका, तीच निळी ठिणगी.

"अरे, मथुराबाई महाराज!" कोणीतरी ओरडलं.

"चकत्या फिरल्या की वीज साठते. माणूस जमिनीपासून तुटलेला असेल तर ती त्याच्या अंगावर राहते आणि दुसऱ्याला बोट लागताच उडी मारते," मॅडम म्हणाल्या. "हवेत ओल असली की ती निसटून जाते. म्हणून इथे कूलर नाही. निरंजन, खाली उतर. अनवाणी जमिनीवर उभा राहून एक ठिणगी काढून दाखव."

"तेजाची परीक्षा घेत नसतात," बाबा पुटपुटले आणि जागचे हलले नाहीत.

मग मथुराबाईच पुढे झाल्या. रोजच्या झाडणाऱ्या हातानं त्यांनी चौरंगाचं भगवं कापड वर उचललं. चारही पायांखाली जाड काचेचे ठोकळे होते. मागच्या पेटीत एक मोटर अशाच चकत्या फिरवत होती आणि तिथून निघालेली तार बाबांच्या पायाखाली पोचली होती. कोणीतरी भजनाचा स्पीकर बंद केला, तशी मोटरची घरघर सगळ्यांना ऐकू आली.

"निरंजन, तू माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी होतास," मॅडम हळूच म्हणाल्या.

मथुराबाईंनी हिमानीला उचललं. "मॅडम, गोळ्या घरीच आहेत. फेकल्या नाहीत. आता देऊ?"

"आधी डॉक्टर. किती द्यायच्या ते ते सांगतील. चला, रिक्षा उभी आहे."

जाता जाता मॅडम रांगेकडे वळल्या. "वीज खरी आहे, बाबा खोटा आहे. ठिणगीनं अंग शहारतं, आजार बरा होत नाही. कोणी चमत्कार दाखवला तर त्याला एकच म्हणा, उजेडात, आमच्या जागेवर, पुन्हा करून दाखव. आणि तोवर कोणाच्या सांगण्यावरून औषध सोडू नका."