सारख्या उंचीची माणसं

"आज तरी येतेस का वर, बुर्गी?" रांगेत पुढे सरकत कोर्बिनियानने विचारलं.

"आणि खाली कोण थांबणार? तुझी गाय?" बुर्गीने फिरत आलेला दांडा पकडला आणि एका डच जोडप्याच्या बुडाखाली सरकवला. "उभे राहा! बसू नका, ही खुर्ची नाहीये!"

डच जोडपं बसलं. मग अर्थातच पडलं.

बुर्गीने त्यांना उठवलं, झटकलं आणि पुन्हा रवाना केलं. टिरोलच्या या उतारावर विशीपासून तिचं हेच काम. वरच्या दोराला लोंबणारा आडवा दांडा दोघांच्या मागे अडकवायचा, की स्कीवर उभ्या उभ्या दोघं चढावर ओढली जातात. नियम एकच: दोघं सारख्या उंचीची हवीत. नाहीतर दांडा एकाच्या कमरेला टेकतो, दुसऱ्याच्या गुडघ्यांमागे, आणि कोर्बिनियानच्या कुरणातल्या उंचवट्यावर दोघंही लोळतात. म्हणून एकटं माणूस आलं की बुर्गी रांगेवर नजर फिरवून जोडी लावायची. गावातली बरीच लग्नं तिने अशी जुळवली होती. गुणबिण बघण्याच्या भानगडीत ती पडली नाही.

त्यातलं एक लग्न कोर्बिनियानचं. तो देवदारासारखा उंच, बुर्गी त्याच्या काखेपर्यंत. त्या हिवाळ्यात रांगेत त्याची टोपी दिसली की बुर्गीच्या हातून दांडा निसटायचा. अशात एका दुपारी ब्रेमेनहून आलेली हाइके रांगेत उभी राहिली. उंची बरोबर त्याच्याएवढी. बुर्गीने क्षणभर विचार केला आणि नियम पाळला. इतका प्रामाणिकपणा माणसाला तरुणपणीच परवडतो.

हाइके चांगली निघाली, हे बुर्गीचं आणखी एक दुःख. दोन हिवाळ्यांपूर्वी ती गेली, तेव्हा बुर्गी खरोखर रडली.

एवढ्या काळात डोंगर मात्र पार बदलला. बुर्गीच्या वडिलांनी ट्रॅक्टरच्या इंजिनाला दोर बांधून सुरुवात केली होती. पाहुणे हातमोजे फाटेपर्यंत त्याला लोंबकळायचे आणि वर आभार मानायचे. मग हे दांडे आले. पलीकडे खुर्च्या आल्या, मग बंद केबिनी, मग गरम होणाऱ्या गाद्या. लोक बर्फात बूड शेकायला येतात, हे कंपनीला जरा उशिराच कळलं. ज्याचं गवत त्याचं नाव उताराला असायचं, तिथे आकडे आले. प्रत्येकाला आपल्याला स्की येते असं वाटावं, म्हणून उंचवटे सपाट झाले. कोर्बिनियानने तेवढा आपला हलवू दिला नाही. बर्फ मात्र कुणाला न विचारता वर निघून गेला. आता तपकिरी कुरणातून यंत्राच्या बर्फाची एक पांढरी पट्टी उतरत होती, पँटच्या शिवणीसारखी.

आज चार वाजता ही लिफ्ट बंद व्हायची होती, कायमची. म्हणजे कोर्बिनियानशेजारी वर जायचं तर आजच.

साडेतीनला कंपनीचा मॅनेजर एल्मार आला. डोंगरावर साहेबालाही अरे-तुरेच.

"बुर्गी, केबिनींच्या वरच्या स्टेशनात जागा ठेवलीये तुझ्यासाठी. पडद्यावर नजर ठेवायची, बस."

"जोड्या कोण लावतं तिथे?"

"फाटक आपोआप उघडतं."

"मग पडद्यावर काय, फाटक बघू?"

रांग संपली होती. कोर्बिनियान मात्र पुन्हा खाली येऊन उभा होता.

"त्या दिवशीही मी असाच उभा होतो," तो म्हणाला. "तुझी जेवणाची सुट्टी झाली की बरोबर वर जाऊ म्हणून चौघांना पुढे सोडलं. आणि तू मला हाइकेशेजारी उभं केलंस."

बुर्गीच्या हातून दांडा निसटला.

"उंची जुळत होती," ती म्हणाली.

"जुळलीच. तक्रार नाही."

एल्मारने हातमोजे चढवले. "जा तू. दांडा मी देतो. तूच शिकवलंस ना मला?"

"शिकवलं होतं. तू शिकलास का, ते आता कळेल."

तिने स्की चढवल्या. एल्मारने दांडा दिला, वाकडाच. तो बुर्गीच्या पाठीवर चढला. कोर्बिनियानच्या मांडीला लागला. मग एकदम खाली आला आणि नीट बसला. बुर्गीने बाजूला पाहिलं. कोर्बिनियान गुडघे वाकवून, मुंडी खाली घालून, तिच्याएवढा झाला होता.

"लिफ्टचे खांब गेले की कुरण सरळ कापता येईल," तो त्याच अवस्थेत म्हणाला. "गवत पसरायला दोन माणसं लागतील."

"सारख्या उंचीची?"

"दाताळ्याला काय कळतंय उंचीतलं?"

उंचवटा आला. बुर्गीने त्याची बाही धरली. दांडा हलला, सावरला, आणि ते पलीकडे गेले. पुढे सगळा सोपा चढ होता.

"आता सरळ हो," बुर्गी म्हणाली. "गुडघे जातील तुझे."

"जाऊ देत," कोर्बिनियान म्हणाला, आणि वर पोचेपर्यंत तसाच वाकून राहिला.