पुलाखालची गाडी

पालकसभा बालवर्गाच्या खोलीतच होती आणि खुर्च्याही बालवर्गाच्याच. त्यामुळे एरवी चारचौघांत ऐटीत वावरणारी माणसं गुडघे हनुवटीला टेकवून बसली होती. शाळा सरकारी, फी नाही, मुलं भरपूर आणि बाई एकच. पण बाई खमक्या होत्या. गेली कित्येक वर्षं त्या हेच भाषण करत असाव्यात, कारण कुठे आया हसणार आणि कुठे डोळे पुसणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

"पहिले काही दिवस रडतील," बाई म्हणाल्या. "गेटपाशी तुम्हाला चिकटतील. डोळा चुकवून पळू नका, सांगून जा. पहिल्या महिन्यात सर्दी-खोकला ठरलेला. दुसऱ्याची टोपी घालून घरी येतील. आज काय केलं विचारलंत तर 'काही नाही' म्हणतील. आणि 'आमच्या बाई म्हणतात' हे ऐकून ऐकून तुमचे कान किटतील." सगळे हसले. "आणखी एक. मूल घरी एक असतं आणि शाळेत दुसरं. ते बघून दचकू नका."

खिडकीजवळ बसलेल्या एका आईने हे शेवटचं ऐकलं, पण ते बाकीच्यांसाठी आहे असं धरून सोडून दिलं. ती एका शिवणाच्या दुकानात कामाला होती. पँट आखूड करायची, कोटाची बाही उसवून पुन्हा बसवायची, चेन बदलायची, काजं-बटणं करायची. हातात सफाई अशी की दुरुस्ती कुठे केली ते गिऱ्हाइकाला शोधून सापडत नसे. तिचा एकुलता एक मुलगा तान्हा असताना असा काही रडायचा की शेजाऱ्यांनी त्याचं नाव भोंगा ठेवलं. भोंगा आता पाच वर्षांचा झाला होता आणि रडणं कधीच थांबलं होतं, पण नाव तेवढं चिकटलं.

तिने हात वर केला. "बाई, आमच्या मुलाला अजून काहीच येत नाही हो. बटण लागत नाही, बुटाची नाडी बांधता येत नाही. वर्गाबाहेर बूट काढायचे म्हणता, मग सुट्टीत ते घालून कोण देणार?"

"शिकेल. सगळी शिकतात," बाई म्हणाल्या.

"आमचा नाही शिकणार इतक्यात. मी केलं नाही तर नुसता बसून राहतो."

शेजारच्या चिमुकल्या खुर्चीत तिचा नवरा बसला होता. तो या वेळी मान वर करून छताकडे बघत होता. छतावर बघण्यासारखं काहीही नव्हतं. पण तिच्या ते ध्यानात आलं नाही, कारण नवरा कुठल्याही सभेत छताकडेच बघायचा.

खरं तर भोंग्याच्या शाळेसाठी तिने एक मोठी गोष्ट सोडली होती. दुकानाच्या मालकीणबाई बाजारात दुसरं दुकान काढत होत्या आणि ते तिने सांभाळावं अशी त्यांची इच्छा होती. कापायचं मोठं टेबल तिचं, हाताखाली दोन मुली, गिऱ्हाइकाशी बोलणार ती. इतकी वर्षं दुसऱ्यांनी बेतलेले कपडे उसवून झाले होते. आता पहिली कात्री तिची चालणार होती. फक्त आतासारखं दुपारी न सुटता संध्याकाळपर्यंत थांबावं लागणार होतं आणि बालवर्ग तर दुपारीच सुटतो. शेजारच्या काकू भोंग्याला ठेवून घ्यायला तयार होत्या, पण त्यांचे गुडघे धरलेले. खाली वाकून याची बटणं नि नाड्या कोण करणार?

तिने नवऱ्याला विचारलं होतं. नीट समोर बसवून विचारलं होतं.

"तुझं तू बघ," तो म्हणाला होता. "मी काय सांगणार?"

तिने नाही म्हणून कळवलं. दुकान मग त्या मुलीकडे गेलं जिला काज कसं करायचं हे तिनेच बोट धरून शिकवलं होतं. वाईट वाटलं, पण मुलापुढे दुकान काय, असं म्हणून तिने तो विषय मिटवून टाकला. निदान तिला तसं वाटत होतं.

शाळा सुरू झाली. गेटपाशी रडारड चालली होती. एका पोराने बापाची पँट इतकी घट्ट धरली की कमरेचा हुक तुटला. भोंग्याने मात्र आईचा हात सोडला, मागे वळून एकदा हात हलवला आणि सरळ आत गेला. रडली ती. भिंतीआड उभी राहून, नाक ओढत, मनसोक्त. बाईंनी सांगितलेलं सगळं होत होतं, फक्त पात्रं बदलली होती.

पण सकाळ अजून तिची होती. बाहेर पडायच्या आधी भोंगा दाराच्या पायरीवर बसायचा आणि पाय तिच्या मांडीवर ठेवायचा.

"कुणाचा पाय हा?"

"आईचा!"

"आणि हा?"

"हापण आईचा!"

दोन्ही नाड्या बांधून, सदऱ्याचं वरचं बटण लावून ती त्याला उभा करायची. त्या पाच मिनिटांवर तिचा अख्खा दिवस निघायचा.

महिनाभराने बाईंनी तिला गेटपाशी गाठलं. वर्गात एक कोपरा होता, पडदा लावून केलेला. मुलं त्याच्या मागे घर-घर खेळायची. तो पडदा कुणीतरी लोंबकळून फाडला होता. "तुमचं कामच ते," बाई म्हणाल्या. "येऊन दोन टाके घालाल का?"

दुसऱ्या दिवशी दुकानातून थोडी सवड मागून ती शाळेत गेली. मुलं पटांगणात होती. पडदा काढून नेण्याइतकं काम नव्हतं, म्हणून ती त्याच्या मागेच फरशीवर मांडी घालून बसली आणि वरची पट्टी शिवायला घेतली. जरा वेळाने मुलं आत आली, पाणी प्यायली आणि पुन्हा बाहेर पळायला म्हणून दाराशी बूट घालू लागली. दार पडद्याला लागूनच होतं. आई आत आहे हे भोंग्याला माहीत नव्हतं आणि तिलाही त्याला उगाच बिथरवायचं नव्हतं. ती सुई हातात धरून गप्प बसली.

"अरे, तशी नाही!" भोंग्याचा आवाज आला. "दे इकडे पाय. आधी फुली करायची. मग पूल. आता गाडी पुलाखालून घालायची. येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास! आता खेच."

तिने पडद्याच्या फटीतून पाहिलं. भोंगा उकिडवा बसून एका मुलीच्या बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या स्वतःच्या दोन्ही नाड्या बांधलेल्या होत्या. मागे एक मुलगा आपला पाय पुढे करून नंबर लावून उभा होता.

आधी तिला हसू आलं आणि अभिमानही वाटला. मग ते "येऊ दे, येऊ दे" डोक्यात शिरलं. तिचा नवरा मालाचा ट्रक चालवायचा. गोदामात दुसऱ्याची गाडी मागे घ्यायची असली की हा पाठीमागे उभा राहून असाच ओरडायचा. घरात कपाट सरकवतानाही तेच. जगात दुसऱ्या कुणीही नाडी बांधायला ट्रक लावला नसता.

"तुला कुणी शिकवलं?" मुलीने विचारलं.

"बाबाने."

"मग सकाळी तुझी आई का बांधते? मी येताना बघितलं तुमच्या दारात."

"घरी मला येत नाही."

"आत्ता तर आली!"

"शाळेत येते. घरी नाही येत," भोंगा समजावून सांगण्याच्या सुरात म्हणाला. "मला यायला लागलं की आई रडते. तिला सांगायचं नाही. आमचं गुपित आहे."

मुलं पळाली. तिने पडद्याचे उरलेले टाके घातले. कसे घातले कोण जाणे. पण सरळ आले, कारण हाताला सवय होती. बाई आत आल्या, तिच्या तोंडाकडे पाहून काहीतरी विचारायला लागल्या, तशी ती म्हणाली, "झालं बाई," आणि निघाली.

ती दुकानात गेली नाही. तडक गोदामावर गेली. नवरा ट्रकचं मागचं फळकं लावत होता. तिला या वेळी तिथे बघून त्याचा हात थांबला.

"भोंग्याला काही झालं का?"

"काही नाही झालं. त्याला नाडी बांधता येते. कधीपासून येते?"

त्याने फळक्याची कडी अडकवली. पुन्हा काढली, पुन्हा अडकवली.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"सभेच्या आधी?"

"हं."

"मी नव्या दुकानाला नाही म्हणाले, त्याच्याही आधी?"

तो वर बघायला लागला. इथे छत नव्हतं, आभाळ होतं.

"खाली बघ!" ती ओरडली, तशी पलीकडे पोती मोजणारी दोन माणसं हळूच दुसऱ्या बाजूला गेली.

"अगं, त्यानेच शपथ घातली होती मला," नवरा म्हणाला. "तुला आठवतं? त्याने पहिल्यांदा चपला घातल्या होत्या. आपल्या आपण. पळत तुला दाखवायला आला. आणि तू तोंड झाकून रडायला लागलीस. 'झालं, आता आई कशाला हवी तुला? चालले मी' म्हणालीस."

"थट्टा केली होती मी!"

"ते मला कळलं. त्याला कसं कळणार? त्यानंतर मी त्याला बटणं शिकवली, मग नाडी. पण तुझ्यासमोर तो करेना. म्हणाला, आई निघून जाईल."

हे तिला लागलं. पण आत्ता तिला त्या गोष्टीपाशी थांबायचं नव्हतं. त्यावर रडायला तिला पुढे जन्म पडला होता. "तो पाच वर्षांचा आहे," ती म्हणाली. "तुझं काय? तुला विचारलं मी. समोर बसवून विचारलं. माझा मुलगा माझ्यावाचून अडेल म्हणून मी हातातलं सोडत होते आणि तू मूग गिळून बसलास. का?"

त्याने पुन्हा एकदा कडी चाचपली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "दुपारी जेवायला घरी आलो की दार उघडं असतं. तुम्ही दोघं असता. गरम जेवण असतं. मला वाटलं, चाललंय ते बरं चाललंय."

हे त्याने खोटं सांगितलं असतं तर तिला परवडलं असतं. परक्याने फसवलं की माणूस चार शिव्या घालून मोकळा होतो. याने केसाने गळा कापला होता, आणि तोही रोज शेजारी बसून, साळसूदपणे, वाढ गं अजून थोडं म्हणत.

"सांगशील त्याला? तुला कळलं म्हणून?" त्याने विचारलं.

"मी कशाला सांगू? त्याला संधी देते. तो करून दाखवेल मला. मी हसेन, टाळ्या वाजवेन. डोळ्यांतून टिपूस काढणार नाही. मग बघू तुझं काय करायचं ते."

सबंध संध्याकाळ ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. तोंड मात्र हसरं ठेवायचा सराव करत होती. भोंग्याला वाढताना हसली, त्याचे केस पुसताना हसली. भोंगा एकदा म्हणालासुद्धा, "आई, तुझा दात दुखतोय का?"

सकाळी तो नेहमीसारखा पायरीवर बसला आणि त्याने पाय पुढे केला. नवरा दारात उभा होता, हातात ट्रकची किल्ली घेऊन. ती भोंग्याच्या समोर बसली. पण पाय तिने मांडीवर घेतला नाही.

"आज तू बांध," ती म्हणाली. "मी बघते. मला खूप आवडेल."

भोंग्याने तिच्याकडे पाहिलं. मग बाबाकडे. बाबा किल्लीकडे बघत होता. तेव्हा त्याने दोन्ही टोकं हातात घेतली. फुली केली. तिने श्वास धरला. त्याने पूल केला, चांगला ऐसपैस. दुसरं टोक पुलाखालून आणलं. आता फक्त खेचायचं राहिलं होतं. ती हसायला तयार होती, तिचे हात टाळीसाठी वर आले होते.

भोंग्याने मान उचलून तिचा चेहरा नीट न्याहाळला. मग अंगठा अलगद बाजूला घेतला आणि पूल पाडला.

"बघ," तो म्हणाला, पापणीही न हलवता. "नाही येत मला. तूच बांध."

चुकलेला टाका कुठला आणि मुद्दाम चुकवलेला कुठला, हे तिला दुरून ओळखता यायचं. सगळ्याची तयारी तिने केली होती, पण याची नव्हती. तिने नाडी हातात घेतली खरी, पण ती दिसेना. गाठ कशीबशी मारून ती उठली आणि पिशवी आणायच्या निमित्ताने आत गेली.

बाहेर भोंगा हळू आवाजात विचारत होता, "बाबा, मी तर मुद्दाम चुकवली. तरी का रडली?"