पेळू मांडीवर बसला तेव्हा

कापसाचा धागा तुटताना आवाज होतो. अगदी क्षीण, कानाशी धरला तरच ऐकू येणारा. माघाच्या कोवळ्या उन्हात बाबा कापसानं भरलेल्या बैलबंडीपाशी उभे राहायचे, चिमूटभर कापूस उचलायचे, सरकीपासून धागा सोडवून दोन्ही अंगठ्यांच्या मधे ताणायचे आणि तो तटकन तुटेपर्यंत भोवतालची सगळी माणसं श्वास धरून त्यांच्या बोटांकडे पाहत राहायची. माझे बाबा म्हणजे माझ्यासाठी आधी तो आवाज, मग ती बोटं, आणि चेहरा सगळ्यात शेवटी.

आर्णीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते ग्रेडर होते, कापसाची प्रत ठरवणारे. वरच्या थरावर त्यांचा कधीच विश्वास नसे. वर उन्हासारखा पांढरा कापूस आणि तळाशी वजनासाठी शिंपडलेलं पाणी, ही लबाडी त्यांना पाठ होती. म्हणून बाही सारून कोपरापर्यंत हात ढिगात खुपसायचे, तळातली मूठ वर आणायची, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून नाकाशी न्यायची आणि एकच शब्द टाकायचा. ‘ओला.’ किंवा अळीनं खाल्लेला, पिवळा पडलेला असेल तर ‘कवडी.’ ती वर्षंच वाईट होती, बोंडअळीची आणि अवेळी पावसाची. बंड्यांमागून बंड्या त्या एका शब्दावर तोंड फिरवून परत जायच्या. कुणी भांडत नसे, गप्प राहत, आणि बाबांना वाटे की गप्प राहिला म्हणजे पटलं.

लोक तोंडावर ‘साहेब, साहेब’ करायचे आणि पाठ फिरली की थुंकायचे. माझ्या बाकावर वर्गातली एकही पोर बसत नसे, कारण कुणाच्या ना कुणाच्या बापाचा कापूस माझ्या बापानं कवडीत काढलेला असायचा. घरी तरी लाड होते म्हणावं, तर बाबांचा हात माझ्या डोक्यावरून कधी फिरल्याचं मला आठवत नाही. त्या हाताला पारखण्याची सवय होती, कुरवाळण्याची नव्हती.

वणीच्या मामानं ससा आणून दिला, तो अशा घरात. सूत कातायला कापसाचा पेळू वळतात तसा लांबट, पांढरा, मऊ. म्हणून त्याचं नाव पेळू. बाबांनी पहिल्याच दिवशी त्याच्या पाठीवरचे चार केस उपटून बोटांत ताणले. ‘एक नंबर धागा हाय,’ असं म्हणून ते हसले, आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांचा त्याच्यावर जीव जडला. खरंच जडला, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. दिवसभर शिव्याशाप गोळा करून आलेल्या त्या माणसाला एवढंच हवं होतं, की एका तरी जिवानं आपण होऊन आपल्या मांडीवर येऊन बसावं.

पेळूला उचललेलं मुळीच खपत नसे. संध्याकाळी बाबांच्या चपला दारात वाजल्या की तो दिवाणाखाली, भिंतीच्या टोकाला. बाबा बाही सारायचे, आडवे होऊन कोपरापर्यंत हात आत खुपसायचे आणि मानेची कातडी मुठीत धरून त्याला बाहेर ओढायचे. तो हवेत लाथा झाडायचा, बाबांच्या मनगटावर लाल ओरखडे उठायचे. मग ते त्याला मांडीवर उताणा पाडून छातीवर तळवा दाबत, आणि पेळू एकाएकी निश्चल व्हायचा, डोळे सताड उघडे, कातडीखाली काळीज पळत असलेलं दिसायचं.

‘पाह्य, कसा निजला,’ बाबा म्हणायचे.

‘अवो, भेला तो! काहून छळता त्याले? खाली ठेवा ना,’ आई कळवळायची.

‘सवय लावा लागते. हात लागल्याबिगर मानसाळते काय कोनी?’

मला मात्र दुसरी रीत सापडली होती. दुपारी फरशीवर गाल टेकून पडून राहायचं, मुठीत हरभऱ्याचा पाला धरायचा आणि त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. पुष्कळ वेळानं मिशा बोटांना लागायच्या. पाला संपला की तो आपली हनुवटी माझ्या मनगटावर घासायचा आणि तिथेच पाय पसरून पडायचा. मी त्याला एकदाही उचललं नव्हतं. त्याचा माझ्यावर जो काय भरवसा होता, तो तेवढ्या एका गोष्टीवर होता.

त्या आठवड्यात आई वणीला माहेरी गेली होती. संध्याकाळी बाबांबरोबर जिनिंगमधले दोघे चहाला आले. काय बोलणं निघालं कोण जाणे, मी कपबशा घेऊन आले तेव्हा बाबा सांगत होते, ‘आमचा पेळू? मी बसलो का सीधा माह्या मांडीवर येऊन बसते.’ धादांत खोटं! पाहुण्यांपैकी एकजण गालात हसला, तसं हसू मी शाळेत रोज पाहत होते. बाबांचे कान लाल झाले. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, ‘जाय वं, आन त्याले.’

मी गेले. पेळू मधल्या खोलीत फरशीवरच पसरलेला होता, मला बघून पळालाही नाही. का पळेल? मीच होते ना. मी वाकले आणि बाबांसारखीच मानेची कातडी मुठीत धरून त्याला सरळ वर उचललं, खालून दुसरा हात न देता. तो सगळ्या अंगानिशी उसळला. मी मूठ आणखी आवळली. तुराटी मोडावी तसा बारीक आवाज झाला, आणि तो माझ्या हातात मऊ पडला.

मी त्याला तसंच नेऊन बाबांच्या मांडीवर ठेवलं. तो बसून राहिला. लाथ नाही, ओरखडा नाही. पाहुणे म्हणाले, ‘कमाल हाय साहेब!’ आणि बाबांचा तो खरखरीत, कापसाच्या धुळीचा वास असलेला हात पहिल्यांदा माझ्या डोक्यावर आला. ‘पोरीनं वळन लावलं त्याले,’ ते म्हणाले. तो हात सरकू नये म्हणून मी डोकं हलवलं नाही, आणि त्याच वेळी मला सगळं कळत होतं.

पुढचे पाच दिवस मी त्याला आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं, फरफटणारे मागचे पाय दिसू नयेत म्हणून. बाबा आले की ते बोचकं त्यांच्या मांडीवर द्यायचं. ते पाठीवरून हात फिरवत राहायचे, त्याच्याशी बोलायचे, दुसरा हात माझ्या डोक्यावर. ‘आता कसा मायाळू झाला!’ गुरांचा डॉक्टर चौकातच होता, एक शब्द बोलले असते तर झालं असतं. मी बोलले नाही. भीतीनं नाही, आता लपवून काय करू, लोभानं. पेळू फक्त माझ्याकडे बघत राहायचा. पाला तोंडाशी धरला तरी खात नसे.

चौथ्या संध्याकाळी कुरवाळता कुरवाळता बाबांचा हात फडक्याखाली गेला आणि थांबला. त्यांनी तो बाहेर काढला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. नाकाशी नेली. जिनिंगच्या अंगणात मी शंभरदा पाहिलेली ती हालचाल. यानंतर तो एक शब्द यायचा आणि बंडी परत जायची. मी भिंतीला टेकून त्या शब्दाची वाट पाहत उभी राहिले. देवा, एकदाचा येऊ दे, असंही वाटलं.

बाबांनी बोटं पँटला पुसली. ‘पानी सांडलं असंन,’ ते म्हणाले. ‘जाय, सुकं फडकं आन.’

मी आणलं. त्यांनी स्वतःच ते नीट त्याच्या पायांभोवती गुंडाळलं आणि त्याला पुन्हा मांडीवर घेतलं. आम्ही दोघांनी त्याला खाली उतरू दिलं नाही, त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही, आणि त्या पाचव्या दिवशी सकाळी बाबा कामावर निघताना डॉक्टरच्याच दारावरून न थांबता गेले.

आई परतली तेव्हा परसात एका खड्ड्यावर नुकती माती लोटलेली होती. ‘काय झालं त्याले?’ तिनं विचारलं. ‘म्हातारा झालता,’ बाबा म्हणाले. पेळूला आमच्याकडे येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. आई माझ्याकडे बघू लागली, आणि मी होय म्हणून मान डोलावली.

बाबा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. म्हातारपणी आल्यागेल्याला सांगायचे, माझ्यापाशी एक ससा होता, आपण होऊन मांडीवर येऊन बसायचा. मी तिथेच असले तर त्यांची नजर माझ्याकडे वळायची आणि मी म्हणायचे, ‘हो ना, बाबा.’ आयुष्यभर तळातला ओलावा शोधणाऱ्या त्या माणसानं एकच ढीग न बोलता पास केला, आणि तो माझा होता. मधल्या इतक्या उन्हाळ्यांनी ते घर, तो दिवाण, बाबांचा आवाज, सगळं वाळवून हलकं करून टाकलं आहे. ते एक फडकं तेवढं अजून हाताला ओलं लागतं.