कोवळ्या लिंबाकडे वाकवलेलं बोट

सुमाताई खोलीत आल्या की आधी त्यांच्या बोटांचा वास यायचा. लिंबाचं पान चुरडल्यावर दरवळणारा तो हिरवा, किंचित कडसर गंध त्यांच्या नखांत मुरलेला असे. त्यांनी मळलेल्या कणकेला, घडी घातलेल्या चादरींना, वाचून ठेवलेल्या वर्तमानपत्रालाही तो लागलेला असे. त्या माझ्या मोठ्या जाऊबाई. मोठे दीर गेले आणि मालाडचं घर सोडून त्या बोरिवलीला आमच्याकडे राहायला आल्या, त्या दोन बॅगा आणि कुंडीतलं एक कागदी लिंबाचं झाड घेऊन.

आमच्या नव्या टॉवरला गॅलरी नाही. झाड हॉलच्या कोपऱ्यात, देव्हाऱ्याशेजारी आलं आणि आम्ही सगळेच त्याच्या सेवेला लागलो. हे पूजेनंतर अभिषेकाचं दूधपाणी तुळशीइतक्याच भक्तिभावाने त्याच्या मुळाशी ओतत. मी तांदळाचं धुवण आणि चहाचा चोथा घालत असे. दुःखाच्या त्या पहिल्या दिवसांत सुमाताई स्वतःकडेच बघत नव्हत्या, तर झाडाकडे कुठून बघणार? पानं पिवळी पडली, फरशीवर उतरू लागली. आम्ही म्हटलं, तहानलं असेल. आणखी पाणी घातलं.

एका सकाळी त्यांनी खाली पडलेलं पान उचललं, नाकाशी नेलं आणि कुंडीच्या मातीत सरळ बोट खुपसलं.

"अगं, हे बुडतंय!" त्या ओरडल्याच. "तुम्ही सगळ्यांनी मिळून प्रेमाने वाट लावलीत ना त्याची!"

त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज घरभर ऐकू आला. हॉलमध्ये जुनी चादर अंथरून त्यांनी झाड कुंडीतून काढलं. मुळं काळी, बुळबुळीत झाली होती, आंबूस वास येत होता. त्यांनी कुजलेली मुळं कात्रीने कापली, कुंडीच्या बुजलेल्या भोकांतून तापलेली सळई फिरवली, कोरडी माती भरली आणि समोरच्या टॉवरच्या फटीतून दुपारी जो उन्हाचा चतकोर तुकडा आमच्या खिडकीत येतो, त्यात झाडाला बसवलं. मग सुरू झाली त्यांची वाट पाहण्याची विलक्षण साधना. रोज बोट मातीत घालायचं, ओल लागली की तसंच परत फिरायचं. तलम ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचं आणि एक पान चुरडून हुंगायचं. झाड सावरत होतं आणि त्याच्या आडोशाने त्याही सावरत होत्या, हे आम्हाला दिसत होतं.

फुलं आली तेव्हा त्यांनी देव्हाऱ्यातली कापसाची वात घेतली आणि बंद घरात न येणाऱ्या मधमाशीचं काम स्वतः केलं. बरीचशी फुलं गळली. एक टिकलं, आणि त्याच्या जागी मिऱ्याएवढं लिंबू धरलं. ते दाखवताना त्यांनी तर्जनी आकड्यासारखी वाकवली. कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवलं तर ते गळतं, हे मीही लहानपणी ऐकलं होतं. पण मला हसू आलं.

"ताई, बाराव्या मजल्यावर कुणाची नजर लागणार?"

"नजर नाही गं. सरळ बोटात हुकूम असतो. कोवळ्याला तो सोसत नाही."

लिंबू सुपारीएवढं झालं आणि सुमाताईंना इस्पितळात न्यावं लागलं. दारात त्या झाडाकडे वळून "येते गं" म्हणाल्या आणि मला बजावलं, "कच्चं तोडू नकोस. पिवळं झालं की घेऊन ये. पहिलं लिंबू मी माझ्या हाताने पोह्यांवर पिळणार."

त्यानंतर मी गेले की त्यांचा एकच प्रश्न असे, "पिवळं?" आणि माझं एकच उत्तर, "अजून हिरवंच आहे." त्यांच्या बोटांना आता औषधांचा वास येत होता. शेवटी शेवटी नर्सने दारातून विचारलं, "तुमचा पेशंट कुठला?" मी हात उचलला, आणि माझं बोट आपोआप वाकलं.

त्या परत आल्या नाहीत. लिंबू आता पिवळंधमक होऊन फांदीला लोंबतंय आणि तोडायला माझा हात धजत नाही. मी त्यांचा शब्द इतका काटेकोर पाळला, की बाकी काही सुचलंच नाही मला. लिंबू कच्चं होतं, मान्य. पण एक पान न्यायला काय झालं होतं? पान तोडायला त्यांनी कुठे मनाई केली होती? उशाशी चुरडून धरलं असतं, तर त्यांची बोटं पुन्हा त्यांची झाली असती.

आता मातीत बोट मी घालते. कोरडी लागली तरच पाणी देते आणि जाताजाता एक पान चुरडते. दुपारचा उन्हाचा तुकडा खिडकीतून सरकून जातो, पण बोटांवरचा वास जरा अधिक रेंगाळतो, आणि तेवढा वेळ दारातलं ते "येते गं" खरं वाटत राहतं.