सिनेमात गेलेला तिरकामठा

मित्रांनो, मी एक जुना तिरकामठा आहे. अक्कलकुव्याच्या वर, डोंगरातल्या एका पाड्यात, कुडाच्या भिंतीला टांगलेला. मला वाहरूबाबाने घडवले. बांबू निवडून, चुलीच्या धुरावर मुरवून त्याने तो तासला. माझी दोरीसुद्धा बांबूचीच. मग त्याने मला आपल्या लेकीच्या, फुलीबाईच्या हातात दिले आणि बजावले, दोरी दोन बोटांनी ओढायची, अंगठा लावायचा नाही. आमच्या पाड्यात कुणीच लावत नाही. वाडवडिलांची आण आहे ती.

फुलीबाईने ती आण कधी मोडली नाही. जत्रेतल्या नेमबाजीत तिने भल्याभल्या पुरुषांना गार केले. बाबा तेव्हा पाडाभर मिरवायचा. मीही मिरवायचो, खोटे कशाला बोलू?

मग एका हिवाळ्यात सिनेमावाले आले. जंगलात एकटीने गुंडांशी लढणाऱ्या बाईची गोष्ट होती. नटी दिसायला मोठी करारी, पण तिचा बाण चार पावलांवर गळून पडायचा. म्हणून ठरले, तोंड नटीचे दाखवायचे आणि नेम धरणारा हात फुलीबाईचा. मला सोनेरी रंग फासला. मी अगदी हवेत होतो.

घोळ एवढाच, की नटी अंगठा लावून दोरी ओढायची. त्यांच्याबरोबर शहाद्याचा भूपेश होता, सगळी पळापळ करणारा. तो म्हणाला, "फुलीताई, दोन्हीस्ना हात एकसारखा दिसाले जोयजे. तू बी अंगठा लाव ना. इतलं कोन देखस?"

फुलीबाई आधी नाही म्हणाली; पण 'माझी पोर पडद्यावर येणार,' असे बाबाने घरोघर सांगून ठेवले होते. शेवटी, बाबा तिथे नसताना, तिने अंगठा लावला. बाण बरोबर लागला, टाळ्या पडल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले.

सिनेमा नंदुरबारात चार दिवसही टिकला नाही. भूपेश बिचारा एका दुपारी लॅपटॉप घेऊन आला. अख्खा पाडा आमच्या घरात दाटीवाटीने बसला. मी भिंतीवरून पाहत होतो. पाड्याची बोली तुम्हाला समजायची नाही, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो.

पहिला अर्धा भाग सगळे खूश होते. पुढे मात्र ती शूर बाई झाडाला बांधली गेली आणि कुठूनसा एक नट येऊन एकटाच सगळ्यांना बडवू लागला. शेजारची भिकुबाई वैतागली. "एवढे बाण होते ना हिच्याकडे? मग रडते कशाला?" लोक हसले, काही उठूनही गेले.

वाहरूबाबा हसला नाही. त्याने भूपेशला सिनेमा मागे न्यायला लावला. पडद्यावर हात आला. दोरीवर अंगठा. बाबाने डोळे बारीक करून पाहिले आणि तो मोठ्याने म्हणाला, "कामठा माझा आहे. हात माझ्या पोरीचा नाही. ती अंगठा लावत नाही. तिला काढून दुसरीच कोणी घेतली यांनी. फसवले आम्हाला."

भूपेशने लॅपटॉप बंद केला. फुलीबाईने तोंड उघडले, बापाच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पुन्हा मिटले.

बाबाने माझा रंग विळ्याने खरवडून काढला आणि मला लेकीपुढे धरले. तिने हात पुढे केला नाही. त्या दिवसापासून मी भिंतीवरच आहे. दोरी वाळून चरचरते, अंगाला भुंगा लागला आहे. बाबा आल्यागेल्याला अजून अभिमानाने सांगतो, "सिनेमावाल्यांनी किती आग्रह केला असेल, पण माझ्या पोरीने अंगठा लावला नाही." ती तेव्हा पाणी आणायला निघून जाते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला तेलपाणी करा, जपा, एवढेच मागणार होतो. पण तेल लावून मी बरा होणार नाही. कुणाच्या हातची रीत 'इतके कोण पाहतो' म्हणून मोडू नका. आणि मोडलीच, तर घरी येऊन त्याच दिवशी सांगा. बाबा आता थकला आहे. फुलीबाई रोज सांगायचे ठरवते, आणि रोज तो तिचे कौतुक आधी सुरू करतो.