हात स्थिर असेल तरच

स्क्रू एवढासा, तांदळाच्या कणीएवढा, आणि तो चिमट्याच्या टोकावर हलतोय. हलतोय, की वारा येतोय? तिनं श्वास रोखला. खिडकी बंद होती, पंखा मघाशी तिनंच बंद केला होता, म्हणजे वाऱ्यावर ढकलायचीही सोय नव्हती. तिनं घाईघाईनं तो बशीत टाकला आणि त्या एवढ्याशा आवाजानंही दचकली.

जेवणाच्या टेबलावर जुना गेम-कन्सोल उघडा पडला होता. लहानपणचा, तिचा आणि भावाचा. डिस्क वाचणारं त्याचं भिंग कधीच थकलं होतं. ते काढून त्या जागी मेमरी कार्डावरून गेम चालवणारी एक छोटी सर्किटची पाटी बसवायची, पाच वायरी वितळलेल्या धातूच्या थेंबानं सोल्डर करायच्या, झालं. पण वायरी केसासारख्या, आणि ज्यांना त्या जोडायच्या ते चिपचे पाय एकमेकांना खेटून. पाटी विकणाऱ्यानं सोबतच्या कागदावर ठळक छापलं होतं – हात स्थिर असेल तरच हे काम करावं. बायकोला लहानपण आठवलंय, असं नवऱ्याला वाटत होतं. तिनं वाटू दिलं. खरं म्हणजे माळ्यावरून हे धूड उतरवलं होतं ते त्या एका ओळीसाठी.

"झालं का पोस्टमॉर्टेम?" स्वयंपाकघरातून त्यानं विचारलं.

"अजून धुगधुगी आहे त्याच्यात."

"मग जपून हो बाई. नातेवाईक गोंधळ घालतील."

ती हसली. हसताना हात मांडीखाली दाबून धरला होता.

लॅबमध्ये ती रक्त घेते, तान्ह्या बाळांचं. मोठ्यांचं कुणीही घेतं. पण दोऱ्यासारखी शीर, तीही कातडीखाली लपलेली, ती सापडायला तिचीच बोटं लागतात. लॅबच्या डॉक्टरीणबाई तिलाच हाक मारतात. आणि गेल्या आठवड्यात सुई चुकली. पुन्हा टोचली, पुन्हा चुकली. बाळाची आई बघत होती... "बाळ हललं हो," तिनं त्या आईला सांगितलं. बाळ हललं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं. अंगणाला बोलता येत नाही, तसं बाळालाही येत नव्हतं, एवढाच फायदा.

चहा सांडला की तिची आईसुद्धा असंच म्हणायची. कपच मेला तापलाय. कान निसटता आहे याचा. मग शिवणातला दोरा जाड झाला, सुईचं नाक बारीक झालं, सगळं जग बिघडत गेलं, एक तिचा उजवा हात सोडून. एके काळी काय हात होता तो! लेकीला लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा मावशी कौतुकानं म्हणाली होती, खाण तशी माती. तेव्हा किती फुशारल्यासारखं झालं होतं... आता मात्र ते शब्द आठवले की ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघते.

बाबा कधी काही बोलले नाहीत. एक दिवस त्यांनी चहा गाळायचं काम स्वतःकडे घेतलं आणि घरात सगळ्यांना अर्धाच कप मिळू लागला. मुलांना अर्धा, पाहुण्यांना अर्धा, म्हणजे आईचा अर्धा कप वेगळा दिसायला नको. "दूध कमी होतं," म्हणायचे, आणि आईनं कप खाली ठेवेपर्यंत खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. लोक चिक्कू म्हणाले. नवा जावईसुद्धा परतीच्या वाटेवर म्हणाला, "तुमच्याकडे जावयालाही अर्धाच का गं?" तेव्हा तिनं त्याला कारण सांगितलं होतं.

ठरलं होतं. पाचही वायरी नीट बसल्या तर उद्या नेहमीसारखं कामावर जायचं. नाही बसल्या, तर बाईंना सांगायचं – यापुढे तान्ही बाळं मला देऊ नका. मग मी तिथं कशासाठी जायचं, हे मात्र त्यांनीच मला सांगावं.

पहिली वायर बसली. दुसरी बसली. धुराची बारीक रेघ नाकात गेली तरी ती शिंकली नाही. तिसरीच्या वेळी सोल्डरिंग आयर्नचं टोक थरथरलं आणि सोल्डरचा थेंब दोन पायांवर एकदम पसरला... पहिल्यांदा करणाऱ्या कुणाचाही पसरला असता. आयर्नचं टोकच जाड आहे मेलं. – हे कोण बोललं? आई, तू जा ना. जा ना गं इथून.

तांब्याच्या जाळीनं तिनं थेंब टिपून घेतला. मनगटाखाली जाडजूड पुस्तक सरकवलं. मग तिसरी बसली, चौथी बसली, पाचवीही बसली. पण बाळाला टोचताना मनगटाखाली पुस्तक कुठे असतं? हे धरायचं की नाही? स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच सोडवायचा, आणि वर कॉपीही करायची! तिनं कन्सोलची वायर प्लगपर्यंत नेली आणि तशीच धरून बसली.

नवऱ्यानं चहा आणून ठेवला. कप अर्धा होता.

तिनं त्याच्या हातातल्या कपाकडे पाहिलं. तोही अर्धा.

"दूध कमी होतं," तो म्हणाला आणि खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

सकाळी दुधाच्या दोन पिशव्या तिनंच फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या.

कधीपासून? काल संध्याकाळचा कप भरलेला होता का? परवाचा? तिला एकही कप आठवेना. इतके दिवस ही भीती तिची एकटीची होती, खोटी ठरली असती तर कुणाला कळलंही नसतं. आता दुसऱ्या कुणीतरी ती पाहिली होती, म्हणजे ती खरी होती. तिला त्याचा राग आला, आणि त्याच वेळी त्याच्या पाठीला जाऊन बिलगावंसं वाटलं. खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं. समोरच्या इमारतीची भिंत होती, आणि तो ती मन लावून बघत होता. त्याच्या कपातला चहाही तसाच होता.

"घे ना, गार होईल," तो न वळता म्हणाला.

बाळ हललं, असं निदान याला तरी सांगावं लागणार नव्हतं. तिनं प्लग खाली ठेवला, आणि कप उचलायला दोन्ही हात पुढे केले.