बहिऱ्यांच्या गल्लीची सुनावणी

माझं लग्न ठरलं तेव्हा पत्ता वाचून मावशीने विचारलं होतं, मुलाला तरी ऐकू येतं ना? मुलाला येत होतं. पण लग्न करून मी जिथे आले ती बहिऱ्यांची गल्ली, आणि हे नाव पाटीवर, वीजबिलावर, सगळीकडे छापलेलं. फोनवर पत्ता सांगितला की पलीकडचा माणूस आधी हसतो आणि मग आवाज चढवून बोलायला लागतो.

नावामागे गंमत काही नव्हती. इथे एकेकाळी घराघरात तांबं ठोकायचे. हंडे, बंब, हलवायांच्या मोठ्या कढया. सकाळी सुरू झालेले हातोडे दिवेलागणीला थांबायचे. पन्नाशीच्या आत माणसाचे कान जायचे. त्यामुळे गल्लीत हातांची एक बोली तयार झाली होती. थांब, तापव, उलट कर, जेवायला चल, असलं सगळं माणसं दोन बोटांत सांगायची. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. पण आल्याआल्या शेजारणींनी मला ही बोली शिकवली, कारण सासऱ्यांशी दुसऱ्या कशाने बोलणार?

कान गेल्याचं इथे कुणाला वाईट वाटायचं नाही, उलट मान वाढायचा. गल्लीतल्या तांब्याच्या जुन्या कारखान्यासमोर एक दगडी कट्टा आहे, त्यावर फक्त कान गेलेल्याने बसायचं. ‘कान गेला, मान आला’ ही इथली म्हण. साठीतही ज्याला नीट ऐकू येतं त्याने आयुष्यभर अंगचोरी केली, असा सरळ हिशेब. कानात बोळे घालणारा तर बायल्या ठरायचा. आता कट्ट्यावर दोघेच उरले होते, माझे सासरे आणि त्यांचे मित्र ठोकेकाका. दोघे तासन् तास बसायचे आणि हातांनी गप्पा मारायचे. मधूनच ठोकेकाका खदाखदा हसायचे, तेवढाच काय तो आवाज.

असं सगळं चाललेलं असताना शेटजींच्या नातवाने पालिकेत अर्ज टाकला. जुन्या काळी गल्लीतले सगळे गाळे त्याच्या आजोबांचे होते. त्याचं म्हणणं असं, की हे नाव म्हणजे शेजारच्या वस्त्यांनी केलेली टवाळी आहे, अपंगांचा अपमान आहे, तेव्हा जुन्या नकाशावर होतं ते आजोबांचं नाव गल्लीला परत द्यावं. बोलायला गोड माणूस. निम्म्या गल्लीला पटलं सुद्धा. खरं सांगायचं तर मलाही पटलं होतं.

सासऱ्यांना नाही पटलं. त्यांनी जेवण टाकलं. ठोकेकाकांना हातवारे करून दिवसभर काहीतरी सांगत बसायचे आणि संध्याकाळी थकून आत यायचे.

पालिकेच्या अधिकारी बाईंनी सुनावणीची तारीख लावली. बहिऱ्यांच्या गल्लीत सुनावणी, यावर व्हायचे ते विनोद होऊन गेले. ज्यांच्यावरून नाव पडलं त्यांच्यापैकी कुणी असेल तर त्याचं म्हणणं नक्की घेऊ, मात्र कान तपासल्याचा दाखला आणा, असं बाईंनी कळवलं. ठोकेकाका गेले आणि दाखला घेऊन आले. पण ते या गल्लीत आले पाटी लागल्यावर. पाटी लागताना हजर असलेले आता एकटे सासरेच. आणि ते दवाखान्याचं नाव काढू देईनात. आज गुडघा दुखतोय, उद्या बघू. शेवटी मी रिक्षा दारात आणून उभी केली.

दवाखान्यात काचेची एक छोटी खोली होती. त्यांच्या कानांवर यंत्र चढवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, हे मी त्यांना हातांनी समजावलं. मी काचेबाहेर बसले. तपासणाऱ्या मुलीने काहीतरी फिरवलं आणि सासऱ्यांचा अंगठा हलला. पुन्हा फिरवलं, पुन्हा हलला. मुलगी आवाज कमी कमी करत गेली आणि अंगठा हलतच राहिला.

"या वयात इतके चांगले कान मी बघितले नव्हते," ती म्हणाली. "काम काय करायचे?"

मी काय सांगणार, कप्पाळ?

बाहेर बाकावर ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि हळू, अगदी नेहमीच्या माणसासारखं बोलले. मी त्यांचा असा आवाज कधी ऐकलाच नव्हता. ते घरात बोलायचे ते ओरडून, बहिरा माणूस बोलतो तसं.

"दाबायचं नाही असं ठरवून गेलो होतो. पण इतका बारीक आवाज होता तो. आणि तो मला ऐकू आला, हे कुणालातरी सांगावंसं वाटलं."

मग एकेक कळलं. सासूबाईंचे वडीलही हेच काम करायचे. ते गेले तेव्हा मुलगी उशाशी बसून हाका मारत होती आणि त्यांना एकही पोचली नाही. लग्न झाल्याबरोबर सासूबाईंनी नवऱ्याला अट घातली. रोज सकाळी त्या मेणात भिजवलेला कापूस त्याच्या कानात खोल बसवायच्या आणि वर मुंडासं घट्ट बांधून द्यायच्या. कुणाला कळलं असतं तर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मग बरोबरीच्या लोकांचे कान गेले तेव्हा, पाटी लागायच्या आधीच, यांनीही कान गेल्याचं सोंग घेतलं. रात्री दार लावून नवराबायको कुजबुजत बोलायचे. त्या गेल्यावर कुजबुजायलाही कुणी उरलं नाही.

रिक्षा घराकडे निघाली. माझं डोकं फिरलं होतं. माझा नवरा बोटीवर, वर्षातून एकदा घरी येणार. एवढी वर्षं मी या माणसासमोर भिंतीशी बोलावं तसं बोलत आले होते. नवऱ्याच्या नावाने बोटं मोडली, रडले, याच माणसाला ‘म्हातारं खोड’ म्हणाले. भिंतीला कान असतात म्हणतात, पण ती आपल्या ताटावर जेवायला बसते असं कुणी सांगितलं नव्हतं.

दोन दिवस मी भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी शिलाईचं मशीन चालवताना लक्षात आलं, की मशीन कुरकुरतं म्हणून मी करवादले होते त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यात तेल पडलं होतं. आईची आठवण येते म्हणून मुसमुसले होते, तेव्हा यांनी अचानक ओरडून फर्मावलं होतं, चार दिवस माहेरी जाऊन ये, मला तुझ्या हातचं खाऊन कंटाळा आलाय. मला तेव्हा केवढा राग आला होता. आता मी मशीन थांबवलं. मग चहा केला आणि त्यांच्याकडे पाठ करून, हळू आवाजात विचारलं, साखर किती घालू?

"रोजच्याएवढीच," ते म्हणाले.

त्या चहाबरोबर त्यांनी मला पाटीची गोष्ट सांगितली. ती पुढे येईलच. हे सुनावणीत सांगा, मी म्हटलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. सांगायचं तर ते ऐकलं कसं, हे आधी सांगावं लागणार.

"लोक काय म्हणतील ते म्हणोत. पण ठोक्याने खरोखर कान दिलेत. त्याच्या मांडीला मांडी लावून मी फुकट बसलो. त्याला काय तोंड दाखवू?"

मी कपबशा उचलल्या.

सुनावणी वाचनालयाच्या खोलीत झाली. सगळी गल्ली लोटली होती. बाई मधे, एका बाजूला शेटजींचा नातू, दुसऱ्या बाजूला सासरे आणि ठोकेकाका. सासऱ्यांचा दाखला मी पुढे केलाच नव्हता, ठोकेकाकांचा पाहूनच बाईंनी दोघांना बसवून घेतलं. नातवाचं बोलून झालं. मी बाईंचा प्रश्न हातांनी सासऱ्यांना विचारला, न जाणो, त्यांनी काय ठरवलं असेल. ते उठले आणि नेहमीसारखं ओरडून बोलायला लागले.

पाटी लावायला पालिकेचा माणूस आला तेव्हा त्याने नाव विचारलं. शेटजी छातीवर बोट ठेवून म्हणाले, माझं लिहा. तेव्हा गल्लीतला सगळ्यात म्हातारा कारागीर पुढे झाला. त्याने शेटजींना विचारलं, आम्ही या गल्लीला कान दिले, तुम्ही काय दिलंत? शेटजी बोलले नाहीत. म्हातारा म्हणाला, मग आमचं लिही. टवाळी कुणीच केली नव्हती, नाव मागून घेतलेलं होतं.

नातू हसला. "हे बाबा तेव्हाही बहिरेच होते ना? मग कोण काय म्हणालं हे यांना कसं कळलं?"

हे मी हातांनी सांगितलं नाही. माझे हात उचललेच गेले नाहीत. सासऱ्यांनी एकदा ठोकेकाकांकडे बघितलं, मग नातवाकडे वळले.

"ऐकलं म्हणून कळलं," ते त्या हळू आवाजात म्हणाले. "मला ऐकू येतं. तेव्हाही यायचं, आत्ताही येतंय."

बाईंनी खात्री करायला तोंडावर कागद धरून दोन प्रश्न विचारले. दोन्हींची उत्तरं मिळाली. मागे बसलेल्या लोकांचे चेहरे बघण्यासारखे होते. त्यांच्यासमोर आपण आजवर काय काय बोललो, हे जो तो आठवत होता. दूधवाला तर उठून बाहेरच गेला. बाईंनी लिहून घेतलं आणि सांगितलं, की नाव लोकांनी स्वतः मागितलेलं असेल तर बदलायचं कारण नाही, पाटी राहील. नातू कागद गोळा करायला लागला.

ठोकेकाकांना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांनी सासऱ्यांच्या दंडाला हात लावून विचारलं, काय झालं? मी सांगायला पुढे होत होते, तर सासऱ्यांनी मला थांबवलं. स्वतःच्या कानावर बोट ठेवलं, मग हात उघडून दाखवला. मला ऐकू येतं. पहिल्यापासून.

ठोकेकाका त्यांच्याकडे बघत राहिले. चेहरा दगडासारखा. मला वाटलं आता उठतील आणि कट्टा संपला. सासऱ्यांनी मान खाली घातली होती. ठोकेकाकांनी त्यांची हनुवटी धरून वर केली, कारण हात बघायचे तर डोळे वर हवेत. मग मागच्या रांगेत बसलेल्या आपल्या नातीकडे बोट केलं. पोरीला त्यांनीच लहानाचं मोठं केलं होतं. आधी स्वतःच्या ओठांवर, मग सासऱ्यांच्या कानावर बोट ठेवून विचारलं, हिचा आवाज कसा आहे?

आवाज कसा आहे हे सांगायला हातांच्या बोलीत खूण नाही. कारखान्यात तिची कुणाला गरजच पडली नव्हती. सासऱ्यांचे हात दोनदा उचलले गेले आणि तसेच खाली आले. मग त्यांनी अंगठा चार बोटांच्या टोकांवरून हळू फिरवला. भांडं ठोकून झालं की कारागीर त्याच्या काठावरून असा अंगठा फिरवतो, आणि ही खूण करून पलीकडच्याला सांगतो: पातळ उतरलंय, नितळ आहे, कुठे चीर नाही.

ठोकेकाकांनी ती खूण स्वतःच्या हाताने करून पाहिली, नातीकडे बघत. मग पुन्हा केली.